अमेरिकी माध्यमं कोणाच्या बाजूची?

१३ नोव्हेंबर १९६९च्या संध्याकाळी अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरात भाषणाला उभे राहिले. विषय होता टीव्हीवरच्या बातम्या. दहाच दिवसांपूर्वी अध्यक्ष निक्सन व्हिएतनाम युद्धाबद्दल देशाशी बोलले होते आणि त्यांचं भाषण संपताक्षणी वाहिन्यांवरच्या समालोचकांनी त्याची चिरफाड सुरू केली होती. ॲग्न्यू यांचं म्हणणं असं होतं की, कोट्यवधी लोकांनी काय पाहायचं हे मूठभर माणसं ठरवतात. ती न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनमध्ये राहतात, आपसातच बोलतात, एकमेकांचंच वाचतात आणि त्यांना कोणीही निवडून दिलेलं नाही. ज्या तीन वाहिन्यांवर ही टीका होती, त्या एबीसी, सीबीएस आणि एनबीसी या तिघींनीही ते भाषण थेट दाखवलं.

अमेरिकेत आज रोज ऐकू येणारी ‘मीडिया विकला गेलाय, मीडिया डावा आहे’ ही तक्रार इतकी जुनी आहे. फरक पडला आहे तो ती मानणाऱ्यांच्या संख्येत. गॅलप ही संस्था वर्षानुवर्षं लोकांना विचारत आली आहे की, वर्तमानपत्रं, टीव्ही आणि रेडिओ बातम्या पूर्ण, अचूक आणि न्याय्य देतात यावर तुमचा किती विश्वास आहे? १९७६ साली ७२ टक्के लोकांनी बराच किंवा बऱ्यापैकी विश्वास असल्याचं सांगितलं होतं. २०२५ साली हा आकडा २८ टक्क्यांवर आला. डेमोक्रॅटिक पक्षाच्या समर्थकांत तो निम्म्याच्या आसपास आहे, रिपब्लिकन समर्थकांत दहा टक्क्यांच्याही खाली.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. अमेरिकेत ‘डावं’ म्हणजे साम्यवादी नव्हे. ढोबळमानाने डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकणाऱ्यांना तिथे लिबरल किंवा डावे म्हणतात आणि रिपब्लिकन पक्षाकडे झुकणाऱ्यांना कॉन्झर्व्हेटिव्ह किंवा उजवे. गर्भपात, बंदुका, स्थलांतरित, कर, समलिंगी विवाह या प्रश्नांवर ही विभागणी सगळ्यात ठळक दिसते.

मग पक्षपात आहे का? आहे. मात्र तो बहुतेक वेळा तक्रार करणारे बोट दाखवतात तिथे सापडत नाही. मालकाने फोन करून बातमी फिरवली किंवा बातमीदाराने आपल्या मतासाठी खोटं लिहिलं, असं घडतं, पण क्वचित. रोजचा पक्षपात दोन ठिकाणी तयार होतो. एक म्हणजे बातमी ठरवणाऱ्या खोलीत कोण बसलं आहे आणि दुसरं म्हणजे पैसे कोण देतं आहे. यातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

थोडा इतिहास बघू. एकोणिसाव्या शतकातली अमेरिकी वर्तमानपत्रं उघडउघड पक्षांची होती. त्याच्या खुणा नावांत अजून दिसतात. आर्कान्सामध्ये ‘डेमोक्रॅट-गॅझेट’ आहे आणि फीनिक्सचं ‘ॲरिझोना रिपब्लिक’ सुरुवातीला ‘ॲरिझोना रिपब्लिकन’ होतं. तटस्थ बातमीची कल्पना आली ती काही प्रमाणात व्यापारातून. १८४६ साली न्यूयॉर्कच्या काही पत्रांनी मिळून असोसिएटेड प्रेस सुरू केली. एकच बातमी वेगवेगळ्या मतांच्या पत्रांना विकायची, तर ती कोणालाच खटकणार नाही अशी लिहिणं सोयीचं होतं. पुढे मोठी दुकानं जाहिराती देऊ लागली आणि त्यांना दोन्ही पक्षांचे ग्राहक हवे होते. १८९६ साली ॲडॉल्फ ऑक्स यांनी तोट्यातलं ‘न्यूयॉर्क टाइम्स’ विकत घेतलं आणि कोणाची भीडभाड न ठेवता बातमी देण्याचं वचन छापलं. हे वचन प्रामाणिक होतं आणि त्याने धंदाही झाला.

रेडिओ-टीव्हीचं प्रकरण वेगळं होतं. हवेतल्या लहरी मर्यादित, म्हणून परवाना सरकारचा. १९४९ साली एफसीसी या दळणवळण आयोगाने नियम घातला की, परवानाधारक केंद्रांनी सार्वजनिक महत्त्वाच्या वादग्रस्त विषयांना वेळ दिला पाहिजे आणि वेगवेगळ्या बाजू मांडायला संधी दिली पाहिजे. ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ हे त्याचं नाव. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. १९८७ साली अध्यक्ष रेगन यांच्या काळात एफसीसीने तो काढून टाकला. त्याच्या जरा आधी संसदेने त्याचा कायदा करायचा प्रयत्न केला होता, तर रेगन यांनी नकाराधिकार वापरला होता. पुढच्याच वर्षी रश लिंबॉ यांचा उजव्या विचारांचा रेडिओ कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला आणि दिवसभर एकाच बाजूचं बोलणारी केंद्रं गावोगाव उभी राहिली.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘तो नियम असता तर फॉक्स न्यूज जन्मालाच आली नसती’ असं पुष्कळ लोक म्हणतात. तो नियम होता हवेतून प्रक्षेपण करणाऱ्या परवानाधारक केंद्रांसाठी, फॉक्स न्यूज ही केबलवरची वाहिनी आहे. १९९६ साली माध्यमसम्राट रूपर्ट मर्डोक आणि रॉजर एल्स यांनी ती सुरू केली, तेव्हा तिला आडवं येणारं काहीच नव्हतं. एल्स पूर्वी निक्सन यांचे टीव्ही सल्लागार होते. आपल्याला कोणी विचारतच नाही असं वाटणारा मोठा प्रेक्षकवर्ग देशात आहे, हे त्यांनी अचूक ओळखलं.

केबलचं गणित मुळातून वेगळं आहे. १९७०च्या दशकात संध्याकाळी तीनच वाहिन्या बातम्या देत, त्यामुळे प्रत्येकीला सगळ्यांना धरून ठेवावं लागे. केबलवर शेकडो वाहिन्या. चौतीस कोटींच्या देशात वीस-तीस लाख माणसं रोज रात्री न चुकता बसली, तरी वाहिनी भरपूर नफा कमावते. अशा वेळी सगळ्यांना थोडं थोडं आवडण्यापेक्षा काहींना अतोनात आवडणं फायद्याचं ठरतं. उजवीकडे फॉक्स, डावीकडे एमएसएनबीसी (आता ‘एमएस नाऊ’) हे चित्र त्यातून आलं.

याचा परिणाम मतांवर होतो का? स्टेफानो डेलाविन्या आणि ईथन कॅप्लन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००७ साली याचं उत्तर फार हुशारीने शोधलं. १९९६ ते २००० या काळात काही गावांच्या केबलवर फॉक्स आली होती, काहींच्या नव्हती. दोन्हींची तुलना केल्यावर दिसलं की, फॉक्स पोहोचलेल्या गावांत रिपब्लिकन मतांचा वाटा ०.४ ते ०.७ टक्के बिंदूंनी वाढला होता. आकडा चिमुकला वाटतो. पण २००० सालची अध्यक्षपदाची निवडणूक फ्लोरिडात ५३७ मतांनी ठरली होती.

आता खोलीत कोण बसलं आहे ते पाहू. उजव्यांची तक्रार इथे बरीच खरी आहे. अमेरिकी पत्रकारांच्या २०२२च्या एका मोठ्या पाहणीत स्वतःला रिपब्लिकन म्हणवणारे ३.४ टक्के निघाले, डेमोक्रॅट ३६.४ टक्के आणि अर्ध्याहून थोडे जास्त स्वतंत्र. १९७१ साली अशाच पाहणीत चारांतला एक जण रिपब्लिकन होता. एप्रिल २०२४मध्ये एनपीआर या सार्वजनिक रेडिओचे ज्येष्ठ संपादक उरी बर्लिनर यांनी जाहीर लेख लिहून सांगितलं की, वॉशिंग्टनच्या संपादकीय विभागात आपल्याला ८७ नोंदणीकृत डेमोक्रॅट सापडले आणि रिपब्लिकन एकही नाही. त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे निष्कर्ष खोडून काढायचा प्रयत्न केला, संस्थेने त्यांना काही दिवस निलंबित केलं आणि त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या सगळ्या मुद्द्यांशी मी सहमत नाही. पण एकाच प्रकारच्या माणसांनी भरलेल्या खोलीत काही प्रश्न विचारायचे राहूनच जातात, हे मला पटतं.

तरीही पत्रकाराचं मत आणि त्याची बातमी यांत सरळ रेषा ओढता येत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी देशभरच्या राजकीय बातमीदारांना विधानसभेसाठी उभं राहू पाहणाऱ्या उमेदवाराच्या नावाने ईमेल पाठवले आणि मुलाखत घ्याल का, असं विचारलं. काहींना उमेदवार डावा म्हणून सांगितला, काहींना उजवा. हे बातमीदार स्वतः मोठ्या प्रमाणात डावीकडे झुकलेले होते, पण त्यांच्या प्रतिसादात उमेदवाराच्या विचारसरणीमुळे फरक पडल्याचं दिसलं नाही.

आणि मोठ्या चुका एकाच दिशेने होतात असंही नाही. ऑक्टोबर २०२०मध्ये ‘न्यूयॉर्क पोस्ट’ने तेव्हाचे डेमोक्रॅट उमेदवार जो बायडन यांचे पुत्र हंटर यांच्या लॅपटॉपमधल्या ईमेलची बातमी दिली, तेव्हा अनेक मोठ्या माध्यमांनी ती संशयास्पद म्हणून बाजूला ठेवली. ट्विटरने तर तिची लिंकच अडवली. २०२२ साली ‘टाइम्स’ आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या दोघांनीही त्यातले काही ईमेल खरे असल्याची खातरजमा केली. उजव्यांचा राग इथे रास्त आहे. आता उलटं उदाहरण घ्या. इराककडे महासंहारक शस्त्रं आहेत, हा बुश सरकारचा दावा याच ‘टाइम्स’ने पहिल्या पानावर उचलून धरला होता. २६ मे २००४ रोजी संपादकांना वाचकांपुढे टीप छापावी लागली की, आमचं वार्तांकन हवं तितकं काटेकोर नव्हतं. डाव्यांची जुनी तक्रार हीच आहे की, माध्यमं पक्षापेक्षा सत्तेच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या कलाने जातात. इराकच्या बाबतीत तिला उत्तर देणं अवघड आहे.

आता या विषयातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रयोग. सप्टेंबर १९८२मध्ये बैरुतमधल्या साब्रा आणि शातिला या वस्त्यांत मोठं हत्याकांड झालं. मारणारे लेबनीज ख्रिस्ती सशस्त्र गट होते आणि वस्त्यांना इस्रायली सैन्याचा वेढा होता. त्यात इस्रायलची जबाबदारी किती, यावर जगभर वाद पेटला. स्टॅनफर्ड विद्यापीठातले रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी अमेरिकी टीव्हीवरच्या त्या वेळच्या बातम्यांचे तुकडे जमवून १४४ विद्यार्थ्यांना दाखवले. काही इस्रायलच्या बाजूचे होते, काही अरबांच्या. सगळ्यांनी अगदी तीच चित्रफीत पाहिली. इस्रायलसमर्थक म्हणाले, या बातम्या इस्रायलच्या विरोधात आहेत. अरबसमर्थक म्हणाले, इस्रायलला सांभाळून घेतलं आहे. तटस्थ माणूस हे पाहून आपल्या विरोधात जाईल, अशी भीतीही दोघांनाही वाटत होती. १९८५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

त्यात आणखी एक गोष्ट निघाली आणि ती अस्वस्थ करणारी आहे. ज्यांना विषयाची माहिती जास्त होती, त्यांना पक्षपातही जास्त दिसला. म्हणजे हे अडाणीपणातून होत नाही. ज्याला एका बाजूचे शंभर तपशील माहीत असतात, त्याला बातमीत न आलेले नव्वद तपशील टोचतात. त्याच्या लेखी दोन्ही बाजूंना सारखी जागा देणं हाच अन्याय असतो, कारण त्याच्या मते दोन्ही बाजू सारख्या नसतातच. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांशी तिथल्या निवडणुकीबद्दल बोलून पाहा. एकाच घरात सीएनएन पाहणारा आणि फॉक्स पाहणारा दोघंही तळमळीने सांगतील की, समोरच्याची वाहिनी खोटं दाखवते. दोघांच्याही दृष्टीने ते खरं असतं.

आता पैशाकडे येऊ. २०१० साली मॅथ्यू जेन्ट्झकाउ आणि जेसी शापिरो यांनी चारशेहून जास्त अमेरिकी दैनिकांची भाषा संगणकाने तपासली. मोठ्या इस्टेटीवरच्या वारसाकराला डेमोक्रॅट खासदार ‘इस्टेट टॅक्स’ म्हणत, तर रिपब्लिकन खासदार ‘डेथ टॅक्स’. कोणतं दैनिक कोणत्या खासदारांसारखं बोलतं, हे अशा शेकडो शब्दप्रयोगांवरून त्यांनी मोजलं आणि मग त्याची सांगड मालकाशी आणि वाचकांशी घालून पाहिली. मालकाचा प्रभाव जवळपास दिसलाच नाही. एकाच मालकाची दोन दैनिकं दोन शहरांत वेगवेगळी बोलत होती आणि दोन्ही आपापल्या शहराच्या राजकारणाला धरून होती. दैनिकाचा कल सगळ्यात जास्त जुळत होता तो वाचकांशी.

हे किती टोकाला जाऊ शकतं, ते एका खटल्यातून उघडं पडलं. ३ नोव्हेंबर २०२०च्या रात्री, अध्यक्षीय निवडणुकीची मतमोजणी चालू असताना, फॉक्स न्यूजच्या निकाल विभागाने ॲरिझोना बायडन जिंकणार, असं इतर वाहिन्यांच्या बरंच आधी जाहीर केलं. तो अंदाज बरोबर निघाला. पण ट्रम्पसमर्थक प्रेक्षक भडकले आणि न्यूजमॅक्स या आणखी उजव्या वाहिनीकडे वळू लागले. त्यानंतर मतदान यंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीने निकाल फिरवल्याचे आरोप फॉक्सवर वारंवार झळकले. डोमिनियनने बदनामीचा दावा लावला आणि त्यात फॉक्सच्या आतले संदेश बाहेर आले. नामवंत सूत्रसंचालकांचा त्या आरोपांवर विश्वास नव्हता. ते खासगीत त्यांची खिल्ली उडवत होते. त्यांना काळजी होती प्रेक्षक निघून जाण्याची. ट्रम्प यांचा एक दावा तपासून खोडणाऱ्या आपल्याच बातमीदाराला काढून टाका, अशी मागणी फॉक्सचे सूत्रसंचालक टकर कार्लसन यांनी सहकाऱ्यांकडे केली होती. एप्रिल २०२३मध्ये फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन दावा मिटवला. ज्या निकाल विभागाने खरं सांगितलं होतं, त्यातले क्रिस स्टायरवॉल्ट जानेवारी २०२१मध्येच नोकरीतून गेले होते.

मालकाने वरून विचार लादला, अशी ही गोष्ट नाही. प्रेक्षकाला खरं सांगायला वाहिनी घाबरली. डावीकडेही हा दाब असतो. ऑक्टोबर २०२४मध्ये जेफ बेझोस यांच्या मालकीच्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने कमला हॅरिस यांना पाठिंबा देणारा अग्रलेख छापायचा नाही, असं ऐनवेळी ठरवलं, तेव्हा काही दिवसांत दोन लाखांहून जास्त वर्गणीदारांनी वर्गणी बंद केली. त्यांचा राग मी समजू शकते, कारण निवडणूक तोंडावर असताना मालकाने हात घातला होता. पण त्यात शिक्षा झाली ती बातमीदारांना, ज्यांचा अग्रलेखाशी काही संबंध नव्हता.

या दाबाला न जुमानल्याचं उदाहरणही आहे, आणि तेही मर्डोक यांच्याच घरातलं. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चं संपादकीय पान पक्कं उजवं. पण त्याचा बातमी विभाग वेगळा चालतो. २०१५ साली जॉन कॅरीरू या बातमीदाराने थेरानोस या रक्ततपासणी कंपनीचा फसवा कारभार उघडकीस आणला. मर्डोक यांचे स्वतःचे सुमारे १२.५ कोटी डॉलर त्या कंपनीत अडकले होते आणि कंपनीच्या प्रमुखांनी बातमी थांबवण्यासाठी त्यांना गळ घातली होती. त्यांनी हस्तक्षेप केला नाही. ‘मर्डोकचं पत्र’ एवढं म्हणून मोकळं होणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. रात्री नऊचा चर्चेचा कार्यक्रम, अग्रलेख आणि बातमीदाराने खपून आणलेली बातमी या एकाच मालकाच्या असल्या, तरी तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

मनोरंजनाकडे वळलं की चित्र बदलतं, कारण तिथे तटस्थ राहण्याचं वचन कोणी दिलेलंच नाही. हॉलिवूडचे कलाकार आणि अधिकारी बहुसंख्येने डेमोक्रॅटिक पक्षाला देणग्या देतात, हे उघड आहे. मे १९९२मध्ये उपाध्यक्ष डॅन क्वेल यांनी ‘मर्फी ब्राउन’ या मालिकेतल्या अविवाहित आईवर टीका केली, कारण त्यांच्या मते ती वडिलांचं महत्त्व कमी करत होती. तेव्हा त्यांची चेष्टा झाली. पण मालिका समाजाचं मन बदलतात, हा त्यांचा मूळ मुद्दा दुसऱ्या बाजूलाही मान्य होता. वीस वर्षांनी उपाध्यक्ष बायडन यांनीच म्हटलं की, समलिंगी लोकांबद्दल अमेरिकेला शिकवण्याचं काम ‘विल अँड ग्रेस’ या मालिकेने जवळपास इतर कशाहीपेक्षा जास्त केलं.

मात्र हॉलिवूड कायमच डावं होतं, ही समजूत चुकीची. १९४७ साली संसदेच्या समितीपुढे साम्यवादी असल्या-नसल्याची उत्तरं द्यायला नकार देणारे दहा पटकथाकार-दिग्दर्शक तुरुंगात गेले आणि स्टुडिओंनीच त्यांना काळ्या यादीत टाकलं. त्यांतले पटकथाकार डाल्टन ट्रम्बो यांचं नाव पडद्यावर पुन्हा यायला १९६० उजाडलं. लष्कराची विमानं, जहाजं हवी असतील तर पटकथा संरक्षण खात्याला दाखवावी लागते, हे आजही खरं आहे. आणि गल्ल्याला विचारसरणी नसते. क्लिंट ईस्टवुड यांचा इराक युद्धातल्या सैनिकावरचा ‘अमेरिकन स्नायपर’ हा २०१४ सालच्या चित्रपटांत अमेरिकेत सगळ्यात जास्त कमाई करणारा ठरला.

रात्री उशिराच्या विनोदी कार्यक्रमांतला बदल मात्र खरा आहे. जॉनी कार्सन तीस वर्षं दोन्ही पक्षांवर विनोद करत आणि आपलं मत कटाक्षाने लपवत, कारण दोन्ही पक्षांचे लोक त्यांना पाहत होते. आजच्या सूत्रसंचालकांचा प्रेक्षक त्याच्या तुलनेत थोडा आणि बराचसा एकाच बाजूचा आहे. केबल बातम्यांचंच गणित इथे लागू होतं.

आता अगदी अलीकडचं, आणि मला सगळ्यात काळजी वाटते ते याचंच. पक्षपाताची तक्रार आता सरकारच्या हातातलं साधन झाली आहे. डिसेंबर २०२४मध्ये एबीसीने ट्रम्प यांचा बदनामीचा दावा दीड कोटी डॉलर देऊन मिटवला. जुलै २०२५मध्ये सीबीएसची मालक असलेल्या पॅरामाउंट कंपनीने कमला हॅरिस यांच्या मुलाखतीच्या संपादनावरून ट्रम्प यांनी लावलेला दावा १ कोटी ६० लाख डॉलरला मिटवला. तेव्हा या कंपनीला विलीनीकरणासाठी एफसीसीची मंजुरी हवी होती आणि ती त्याच महिन्यात मिळाली. सप्टेंबरमध्ये एबीसीवरच्या रात्रीच्या विनोदी कार्यक्रमाचे सूत्रसंचालक जिमी किमेल यांच्या एका टिप्पणीवरून एफसीसीचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांनी जाहीरपणे कारवाईची भाषा केली आणि त्याच दिवशी एबीसीने कार्यक्रम थांबवला. तो आठवड्याभरात परत आला. टेड क्रूझ यांच्यासारख्या पक्क्या रिपब्लिकन सिनेटरनेही कार यांच्या धमकीला धोकादायक म्हटलं, कारण उद्या सत्ता बदलली की तीच लाठी उजव्यांवर चालेल. वाहिनीचा कल आवडला नाही तर दुसरी लावता येते. परवाना आणि विलीनीकरण हातात असलेल्या सरकारपासून अशी सुटका नसते.

एनपीआरच्या बाबतीत तक्रारीची परिणती थेट पैशात झाली. ती डावी आहे, या कारणावर भर देत जुलै २०२५मध्ये संसदेने सार्वजनिक प्रसारणाचे १.१ अब्ज डॉलर परत घेतले. एनपीआरच्या वॉशिंग्टनमधल्या मुख्य कार्यालयाला सरकारी पैशाची गरज थोडी होती. ती सगळ्यात जास्त होती ग्रामीण भागातल्या छोट्या केंद्रांना, आणि त्यांतली बरीच रिपब्लिकन मतदारांच्या मुलखात आहेत. सिनेटमध्ये हा विषय चालू असतानाच, १६ जुलैला, अलास्काच्या किनाऱ्याजवळ ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्सुनामीचा इशारा निघाला. अलास्काच्या रिपब्लिकन सिनेटर लिसा मरकाउस्की यांनी सहकाऱ्यांना सांगितलं की, हा इशारा आमच्या लोकांपर्यंत सार्वजनिक केंद्रं पोहोचवतात. कपात मंजूर झाली.